गोजराने पास केलेला टीव्ही

गोजरा मढवी कुणाच्याही घरी गेली की आधी टीव्हीच्या कडा बघते. घरची बाई चहा टाकू का विचारते, टीव्हीवर सासू-सुनेचं भांडण ऐन रंगात आलेलं असतं, पण गोजराला त्या सासूचं ना सुनेचं सोयरसुतक. ती पदर सावरत पुढे वाकते, डोळे बारीक करते आणि विचारते, "वैनी, ई लाइन कवापासून हाय गो?"

वैनीला लाइन कधी दिसलेलीच नसते. पण एकदा गोजराने बोट ठेवलं की त्या बिचारीला पुढे महिनाभर दुसरं काही दिसत नाही. नटीच्या नाकावर लाइन, बातम्या देणाऱ्याच्या टायवर लाइन, देवाच्या मुकुटावर लाइन. रबाळे गावात आता रीतच पडली आहे, गोजरा पायरी चढताना दिसली की आधी टीव्ही बंद करायचा आणि मग 'ये गो ये' म्हणायचं.

यात तिचा दोष असलाच तर तो पोटापाण्याचा आहे. रबाळ्याच्या एमआयडीसीत मितेशभाईंचं टीव्हीचे पॅनल दुरुस्त करायचं वर्कशॉप आहे. गोजरा तिथे झाडलोट करायला म्हणून लागली आणि हळूहळू मशीनवर बसली. पॅनलच्या काठाला एक पातळ फिल्म असते, तिच्यात केसाहून बारीक तारा. त्या तारांवाटे पडद्याला हुकूम जातात. फिल्म बिघडली की पडद्यावर पट्टे येतात. मग जुनी फिल्म सोडवायची, नवी तारेला तार जुळवून बसवायची आणि मशीनने ऊब आणि दाब देऊन चिकटवायची. हात जरा हलला की सगळं मुसळ केरात. गोजराचा हात हलत नाही. म्हणून शेवटची नजरही तिचीच. पॅनल उभं करून ती एकेक रंग लावते, तांबडा, हिरवा, निळा, पांढरा, काळा, आणि दोनच शब्द बोलते, पास किंवा नापास.

मितेशभाई माणूस गोड, पण धंदेवाला. कधी कधी पोलिसासमोर उभं राहावं तसे तिच्यासमोर उभे राहतात.

"गोजराताई, एकच लाइन आहे. केसासारखी. कस्टमरला दिसणार पण नाय."

"मना दिसते."

"अरे पण कस्टमर तुमी थोडीच आहात?"

"नापास," गोजरा म्हणते आणि पुढचं पॅनल ओढते. मितेशभाई कपाळावर हात मारतात, पण आतून खूश असतात. त्यांच्या वर्कशॉपमधून गेलेला टीव्ही परत येत नाही, हे त्यांनाही ठाऊक आहे.

हे सगळं काम चालतं कसं, ते मितेशभाईंनीच तिला सुरुवातीला कागदावर चित्रं काढून समजावलं होतं. काचेच्या मागे पांढरा उजेड सारखा जळत असतो. चित्रात दिवाळी असो की अमावास्या, तो आपला जळतच असतो. पुढे दोन काचांच्या मध्ये एक पातळसा पदार्थ भरलेला, धड पाणी नाही आणि धड खडाही नाही. विजेचा दाब दिला की त्याचे कण अंग वळवतात, आणि ते जेवढे वळतील तेवढाच उजेड पुढे सुटतो. त्याच्यापुढे इवल्या इवल्या रंगीत खिडक्या, तांबडी, हिरवी, निळी, पुन्हा तांबडी, हिरवी, निळी, अशा लाखो. आता एवढ्या खिडक्यांना प्रत्येकी वेगळी तार कोण ओढणार? म्हणून आडव्या ओळी आणि उभ्या रांगा. एका ओळीची सगळी दारं एकदम उघडायची, त्याच क्षणी उभ्या तारांनी ज्या खिडकीच्या वाट्याला जेवढा दाब तेवढा आत सोडायचा आणि दारं लावून घ्यायची. आत आलेला दाब पुढची पाळी येईपर्यंत तिथेच थांबतो. मग खालची ओळ, मग तिच्या खालची. वरपासून खालपर्यंत सगळा पडदा, सेकंदाला साठ वेळा.

मितेशभाईंना वाटलं होतं, बाई गांगरेल. बाई हसायला लागली.

"हसता काय?"

"मितेशबाय, ह्ये तं आमचं मिठागर हाय!"

गोजराचं माहेर उरणच्या वाटेवर, जासईला. तिचं लहानपण मिठागरात गेलं. भरतीचं पाणी आलं की तिचा बाप बांधातलं लाकडी दार, म्हणजे उघाडी, वर करायचा. पाणी ओळीतल्या वाफ्यांमध्ये शिरायचं, कुणात वीतभर, कुणात चार बोटं, ज्याला जेवढं हवं तेवढं. मग उघाडी खाली. पाणी तिथेच, आणि बाप पुढच्या ओळीकडे. फरक एवढाच की तिच्या बापाला एका भरतीत सगळं आगर उरकायचं असायचं आणि इथे ते डोळ्याचं पातं लवायच्या आत उरकतं. त्या दिवसापासून गोजराला पॅनलची भीती अशी वाटली नाही. मिठागरं गेली, तिथे कंटेनर उभे राहिले, पण उघाडीचं काम आपल्याकडेच राहिलं, असं ती म्हणते. ते म्हणताना तिच्या चेहऱ्यावर पाटीलकी मिळाल्याचा भाव असतो.

तर अशा या गोजराच्या मुलीचं, प्रियाचं, लग्न ठरलं, आणि घरात पहिला प्रश्न उभा राहिला तो धवल्याचा.

गोजराची आई चांगुणाबाय ही धवलारीण. आगरी लग्नात धवला गाणारी बाई नसेल तर हळदीचा हात पुढे होत नाही. देवांना आवतण द्यायचं, मांडवाला, पाट्याला, हळदीला बोलवायचं, नवरीचं तोंड बघत बघत तिचं वर्णन करायचं, हे सगळं धवलारीण गाऊन करते. चांगुणाबायने जासईपासून पार पनवेलपर्यंत किती पोरींची हळद गायली त्याची मोजदाद नाही. प्रिया पाळण्यात होती तेव्हाच तिने सांगून ठेवलं होतं, "हिची हलद मीच गानार आन हिला पयला हात मीच लावनार."

आणि लग्नाला महिना उरला असताना म्हातारी न्हाणीघरात घसरली. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, डॉक्टरने बजावलं, गाडीत बसवायचं नाही, पलंगावरून उठवायचं नाही. गोजराचा भाऊ ज्ञानू आणि त्याची बायको मीना तिची सेवा मनापासून करत होते, पण जासईचा पलंग काही रबाळ्याच्या मांडवात येणार नव्हता.

"गोठवलीची धवलारीण सांगू," सिताराम म्हणाला. सिताराम म्हणजे गोजराचा नवरा, सरळ माणूस, प्रत्येक अडचणीवर जवळचा उपाय काढणारा. गोजराने त्याच्याकडे असं बघितलं की त्याने तो उपाय पुन्हा काढला नाही.

व्हिडिओ कॉल हा सगळ्यांनाच सुचला. पण चांगुणाबायच्या डोळ्यांना फोनचा पडदा झेपेना. ज्ञानूने फोन तिच्या नाकापुढे धरला तेव्हा ती म्हणाली, "ह्यात मना पोर मुंगीयेवडी दिसते. मुंगीची हलद मी कशी गाऊ? धवला तोंडाकडं बगून गायचा असतो."

 दुसऱ्या दिवशी वर्कशॉपमध्ये गोजराने कोपऱ्यात पडलेलं एक मोठं पॅनल काढलं. फिल्म मेलेली, बाकी धडधाकट. दुपारच्या सुट्टीत बसून तिने नवी फिल्म चिकटवली, रंग लावून बघितले आणि पुन्हा एकदा लावून बघितले. मितेशभाई हे सगळं दुरून बघत होते. त्यांनी आतून एक चांगली बॉडी आणि स्टँड आणून दिला आणि म्हणाले, "प्रियाला माझा आहेर. पण पास झाला ना?"

"पास," गोजरा म्हणाली. स्वतःच्या आईसाठीच्या पॅनलला तिने परीक्षेत जरा जास्तच छळलं होतं.

हळदीच्या दोन दिवस आधी टीव्ही जासईला पोचला. पलंगाच्या पायथ्याशी, उंच स्टुलावर. ज्ञानूने फोन जोडला, गोजराने रंग लावले. तांबडा पडदा बघून चांगुणाबाय म्हणाली, जास्वंद. हिरवा बघून म्हणाली, भात. निळा बघून म्हणाली, खाडी. मग तिने नेमका नको तो प्रश्न विचारला.

"पिवला कुटं हाय?"

"पिवला नसतोच आय ह्याच्यात."

"नसतो? मंग पोरीला हलद काय निली लावनार?"

गोजरा पलंगावर बसली आणि आईला समजावू लागली. आत तीनच रंगांच्या खिडक्या. तांबडीचं दार उघडायचं, हिरवीचं दार उघडायचं, निळीचं घट्ट लावायचं. दोन उजेड शेजारी शेजारी इतके खेटून येतात की डोळ्याला ते एकच दिसतात, आणि जे दिसतं ते पिवळं. असं म्हणून तिने पिवळा लावला. सगळा पडदा ताज्या हळदीसारखा झाला. चांगुणाबायच्या पांढऱ्या केसांवरसुद्धा त्याची झाक पडली.

म्हातारी कितीतरी वेळ बघत राहिली. "तांबडं दार आन हिरवं दार," ती पुटपुटली. "कोनी काडलं असल गो ह्ये डोकं?"

मग गोजराने तिला कुशीवर वळवलं, कारण वेळ झाली होती. वळवताना हसत म्हणाली, "ह्या टीवीतल्या कनांनापन असंच कूस बदलून द्यावी लागते, आय. दर खेपेला दाब उलटा. एकाच अंगावर ठेवलं तं आकडतात."

"मंग त्यांचंबी खुब्याचं हाड मोडलंय म्हन की," चांगुणाबाय म्हणाली. दोघी हसल्या. मीना स्वयंपाकघरातून डोकावून गेली, काय झालं म्हणून.

हसणं थांबल्यावर म्हातारीने आपल्या हाताकडे बघितलं. मग म्हणाली, "गाईन मी. ते जमंल. पन माजा हात नाय गो पोचनार पोरीला." तिचे डोळे भरले. गोजराचेही भरले, आणि ते लपवायला ती उगाच टीव्हीची वायर नीट करत बसली.

आता पुढे जे झालं ते नीट ऐकायला हवं, कारण त्यात गोजराचं पितळ उघडं पडतं. वर्कशॉपमध्ये ओलं फडकं घेऊन पॅनलजवळ कुणी गेला तर ही बाई त्याची सात पिढ्यांपर्यंत विचारपूस करते. पाण्याचा थेंब पडद्यावरून ओघळतो, खालच्या पट्टीत शिरतो, तिथे फिल्म असते आणि मग पट्टे. हे वाक्य तिने एका मोठ्या कागदावर लिहून भिंतीला लावलं आहे. आणि चांगुणाबाय डोळे पुसून म्हणाली, "नवी वस्तू घरात आली, हलद-कुकू नको?" तेव्हा याच गोजराने लगबगीने ताट आणलं, हळद पाण्यात कालवली, स्टूल पलंगापाशी ओढलं आणि आईचा हात धरून पुढे नेला.

चांगुणाबायचा हात सढळ. तिने पडद्याच्या खालच्या कडेला हळदीची पाच बोटं उमटवली, त्यांवर कुंकू, वर तांब्यातलं पाणी शिंपडलं, आणि गोजराने दोन्ही हात जोडून डोळे मिटले. भिंतीवरचा कागद रबाळ्यात होता.

हळदीच्या दिवशी दुपारी रबाळ्यात मांडवात वड्यांची कढई चढली होती, स्पीकर लागत होता, आणि घरात ब्युटीशियन जाई प्रियाचे केस धुऊन ड्रायरने सुकवत होती. तेवढ्यात ज्ञानूचा फोन आला.

"ताई, तुज्या टीवीवर काला पट्टा आलाय. उबा. वीतभर रुंद."

"कंच्या बाजूला?"

"डाव्या. जिकडं आयनं हलद लावलेली, तिकडं."

 वर्कशॉपच्या भिंतीवरचा कागद गोजराला आता अक्षरन्‌अक्षर दिसला. "टीवी बंद कर," ती ओरडली, "पिनच काड, अजाबात लावू नको!" मग तिने खोलीत नजर फिरवली आणि जाईच्या हातातला ड्रायर काढून घेतला.

"काकू, अहो केस!"

"उन्हात बस गो पोरी, सुकतील," गोजरा प्रियाला म्हणाली.

"नवरीची आय हलदीच्या दिवशी चाल्ली कुटं?" सिताराम दारात आडवा आला.

"उगाडी दुरुस्त कराला."

मांडवाच्या खुर्च्या उतरवून आळीतल्या शिवाचा टेम्पो नुकताच रिकामा झाला होता. गोजरा त्यात चढली. अंगावर हळदीची पिवळी साडी, हातात कोपरापर्यंत हिरवा चुडा, मांडीवर गुलाबी ड्रायर आणि पिशवीत पेचकस, कान साफ करायच्या काड्या आणि स्पिरिटची बाटली. शिवाने एकदा तिच्याकडे बघितलं आणि काही न विचारता गाडी सोडली. उलव्याच्या पुढे न्हावा शेव्याला जाणारे ट्रेलर एकामागे एक उभे होते, हलायचं नाव नाही. शिवाने हॉर्न दाबून धरला. गोजरा खिडकीतून अर्धी बाहेर आली आणि पुढच्या ट्रेलरवाल्याला म्हणाली, "भाऊ, बेटी की हलदी है, मेरेकू टीवी सुखाने का है!" त्या माणसाला यातलं किती कळलं कोण जाणे, पण पिवळी साडी बघून त्याने गाडी कडेला घेतली आणि वर टाटा केलं.

जासईच्या घरात सुतकी शांतता. चांगुणाबाय भिंतीकडे तोंड करून पडलेली.

"माज्या हातानं बाटलं," ती म्हणाली. "पोरीच्या हलदीला माजाच हात आडवा आला."

"हलदीनं कायबी बाटत नाय, आय. पान्यानं बाटतं," गोजरा म्हणाली. "आन ताट मी धरलेलं. मना बोल काय बोलायचं ते."

तिने टीव्ही उचलला आणि आईच्या शेजारी, पलंगावरच, गोधडीवर पालथा घातला. खालच्या पट्टीचे स्क्रू काढले. पट्टी निघाली तसा हळदीचा वास आला. तारांच्या फिल्मवर पिवळा ओघळ, आत आत शिरलेला. एखादी वस्तू बिघडली म्हणून इतका चांगला वास यावा, असं वर्कशॉपमध्ये कधी घडलं नव्हतं. गोजराला हसू आलं. म्हातारीने मान वळवून बघितलं.

"काय गो?"

"बग की, टीवीला हलद लागली तुजी. ह्याचं लगीन पक्कं."

चांगुणाबायला हसायचं नव्हतं, पण हसली. गोजरा काडीला स्पिरिट लावून एकेक तारेवरून हलक्या हाताने फिरवू लागली. पिवळं सुटत गेलं. मग ड्रायर, लांबून, कमी उबेवर, घाई न करता.  मांडवात पाहुणे जमायला लागले असतील, सिताराम घड्याळ बघत असेल, प्रियाचे केस उन्हात असतील. पण तिचा हात हलला नाही. मीना पंखा बंद करून दारात उभी राहिली आणि ज्ञानू श्वास धरून. ओल गेली असेल आणि तार जळली नसेल तर पट्टा जाईल. तार जळली असेल तर मशीनशिवाय इलाज नाही, आणि मशीन रबाळ्यात.

पट्टी बसवली, टीव्ही उभा केला, पिन लावली.

पट्टा गेला होता. ज्ञानूने शिट्टी मारली. चांगुणाबायने दोन्ही हात वर केले.

गोजराने मात्र रंग लावले. तांबडा, स्वच्छ. निळा, स्वच्छ. हिरवा लावला आणि तिचे डोळे बारीक झाले. डावीकडे वरपासून खालपर्यंत एक काळी रेघ, केसासारखी. हिरव्या खिडक्यांच्या एका उभ्या रांगेची तार वाचली नव्हती. तिने पुन्हा उघडायला पेचकस उचलला.

"ताई, मांडवातून चौथा फोन हाय," ज्ञानू म्हणाला. "आता ऱ्हाऊ दे. कोनाला दिसतंय?"

"मना दिसते," गोजरा म्हणाली. पण पेचकस पिशवीत टाकला, आईच्या पायांना हात लावला आणि टेम्पोकडे धावली. नापास टीव्ही मागे टाकून यायची तिच्या आयुष्यातली ही पहिली वेळ होती, आणि उलव्याच्या ट्रेलरांपर्यंत ते तिला टोचत राहिलं.

रबाळ्याच्या मांडवात फोन स्टँडवर लावला होता, नवरीच्या पाटासमोर, बरोबर तोंडाच्या उंचीवर, आणि जरा वळवून, म्हणजे पडद्यावर डावीकडे नवरी आणि उजवीकडे गाणाऱ्या बायका दिसाव्यात. त्याचा आवाज स्पीकरला जोडलेला. प्रिया पाटावर बसली. केस वाळलेले होते, जाईचा राग वाळायचा होता. पाटा पुजला, बायका कोंडाळं करून बसल्या. सिताराम म्हणाला, "आय, आयकू येतंय?" आणि एवढ्या मोठ्या स्पीकरमधून चांगुणाबायचा खोकला सगळ्या आळीला ऐकू गेला.

मग ती गायला लागली. त्या मोडक्या हाडाच्या म्हातारीचा आवाज मांडवाच्या कापडावर आपटून खाली आला तेव्हा पोरांनी हातातले फोन खाली ठेवले. देवांना बोलावलं, खाडीला बोलावलं, जुन्या मिठागरांना नाव घेऊन बोलावलं, जी आता कुठे शोधायची म्हटलं तरी सापडायची नाहीत. बायकांनी मागून ओळ उचलून धरली. हळद लागू लागली, गालाला, हाताला, पायाला, कपाळाला, आणि पोर पिवळीजर्द झाली. चांगुणाबाय एकेक बघून एकेक गात होती, आणि मधेच तिने कुणीच कधी न ऐकलेली ओळ घातली:

"तांबडं दार उगडा गो, हिरवं दार उगडा,
निलं दार लावून घ्या गो, हलद आली दारा!"

बायका क्षणभर अडखळल्या. मग धवलारीण गाते म्हणजे जुनंच काहीतरी असणार, असं समजून त्यांनी ती ओळही तितक्याच भक्तिभावाने उचलली. गोजराला मात्र हसावं की रडावं कळेना. ती पदर तोंडाला लावून दोन्ही करत होती.

आणि एकाएकी गाणं थांबलं.

"गोजरे!" स्पीकरमधून हाक आली.

 "काय आय?" गोजरा फोनपाशी धावली.

"पोरीच्या कपालावर कुकू कोनी लावलं?"

सगळ्यांनी प्रियाकडे बघितलं. कपाळावर हळद होती, नुसती हळद. "कोनीच नाय लावलं, आय," सिताराम म्हणाला.

"मना काय दिसत नाय काय? पिवल्यावर तांबडी रेग हाय. उबी. बरोब्बर मदोमद." मग स्पीकरमधूनच मीनाचा आवाज आला, "व्हय ताई, हाय खरी. मगाशी दिसत नव्हती. हलद लावल्यावर दिसाया लागली."

गोजरा जागच्या जागी उभी राहिली. पिवळ्याला दोन दारं लागतात. त्या एका रांगेत हिरवं दार कायमचं बंद झालं होतं, आणि उरलं होतं ते नुसतं तांबडं. अंधाऱ्या मांडवावर ती रेघ दिसली नव्हती, रंगीबेरंगी साड्यांमध्ये हरवली होती, पण हळदीच्या कपाळावर ती कुंकवासारखी उठली होती. आणि ते दार बंद केलं होतं कुणी? पाच ओल्या बोटांनी.

"आय," ती म्हणाली, आणि तिचा आवाज सगळ्या मांडवाला ऐकू गेला. "ते कुकू तूच लावलंस. परवा हलद लावलीस ना टीवीला, त्याचं हाय ते. तुजा हात पोचला, आय."

 पलीकडे म्हातारीने नाक शिंकरलं. प्रिया फोनकडे बघत रडत होती आणि हळदीचे ओघळ तिच्या गालांवरून वाहत होते. मांडवातल्या कुठल्याशा आजीने 'वाजवा रं' म्हणून आरोळी दिली, आणि बँजोवाला, जो मघापासून हात आवरून बसला होता, त्याने असा ठेका धरला की सिताराम, ज्याला लग्नात नाचताना कुणी कधी बघितलं नव्हतं, हात वर करून मधोमध गेला. चांगुणाबायने त्या गोंगाटात पुन्हा सूर लावला. तो फारसा कुणाला ऐकू गेला नाही, पण ती पूर्ण गायली, हे मीनाने नंतर सांगितलं.

लग्न पार पडल्यावर गोजरा वर्कशॉपला गेली तेव्हा पेढे वाटता वाटता तिने ही सगळी हकीकत सांगितली. ड्रायर, ट्रेलर, ओलं बोट, काहीच लपवलं नाही. भिंतीवरच्या कागदाकडे बोट दाखवून सगळे तिला हसले, आणि ती त्यांच्यापेक्षा मोठ्याने हसली.

मितेशभाईंनी पेढा तोंडात टाकला. "घेऊन या तो टीव्ही. नवीन फिल्म लावून देऊ. एक लाइन तर आहेच ना?"

"हाय."

"दिसते?"

"चांगली दिसते," गोजरा म्हणाली, आणि पुढचं पॅनल ओढून घेतलं. "पास हाय तो."